पाचशे चिप्सची पेटी: किती थांबायचं, कधी ठोकायचं

पोकरच्या चिप्सची ही पेटी दिसायला देखणी आहे. ॲल्युमिनियमची चौकट, दोन कड्या, आत फोमच्या दहा खाचा, प्रत्येक खाचेत पन्नास चिप्स, मधोमध पत्त्यांचे दोन कॅट, वाटणारा कोण हे दाखवणारं एक पांढरं डीलर बटण आणि पाच फासे. फाशांचं या खेळात काही काम नाही, ते पोरांना सापशिडीला देऊन टाका. चिप ३९ मिलिमीटर व्यासाची, साडेअकरा ग्रॅमची, प्लास्टिकच्या पोटात धातूची चकती. पाचशे चिप्सचं वजन पावणेसहा किलो, वर पेटीचं वेगळं. बेळगावात टिळकवाडीतून शहापूरला स्कूटरवरून न्यायची झाली तर पायाशी उभी ठेवा, हँडलला लटकवू नका. या पेट्यांच्या कड्या खड्ड्यात उघडतात.

अशा संचाबद्दल लोक सहसा वजन, रंग आणि चिप्सचा टकटक आवाज एवढंच बघतात. आम्ही तो एका वेगळ्या मापाने बघितला: आठ ते अठरा माणसांची घरगुती टूर्नामेंट या पेटीवर नीट चालते का? टेबलावर कुणी सावध खेळायचं आणि कुणी अंगावर जायचं हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे असं आपल्याकडे समजतात. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं-अधिक आधीच ठरलेलं असतं. पेटीत कुठल्या आकड्याच्या किती चिप्स आहेत, प्रत्येकाला सुरुवातीला किती मिळतात आणि ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दर डावाला दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स, किती मिनिटांनी चढतात, यावर.

पैसे लावून खेळायचा विचार असेल तर तो आधीच सोडा. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, आणि घरात पैशांचा डाव मांडला की १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्यातली जुगाराची कलमं आठवायला लागतात. इथे बक्षीस धरलंय यजमानाने आणलेला दोन किलो कुंदा. त्याचा हिशोब पुढे लागणार आहे.

आधी आकडे. ही पेटी २५, १००, ५००, १,००० आणि ५,००० अशा आकड्यांची, दोन वाटण्यांत मिळते. एकीत पाच रंगांच्या शंभर-शंभर चिप्स, दुसरीत १५०, १५०, १००, ५०, ५०. दिसायला पहिली समसमान वाटते, पण घ्यावी दुसरीच. कारण असं: माणशी ५,००० ची सुरुवात धरली तर सोयीची वाटणी म्हणजे २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १,००० च्या दोन. बावीस चिप्स, बेरीज बरोबर पाच हजार. पहिल्या पेटीत २५ च्या शंभरच असल्याने तेराव्या माणसाला त्या पुरत नाहीत. दुसऱ्या पेटीत अठरा माणसं बसतात आणि तरी २५ च्या सहा उरतात. ५,००० च्या पन्नास चिप्स सुरुवातीला नुसत्या पडून असतात. त्यांचा खरा उपयोग पुन्हा बसणाऱ्याला एकच चिप द्यायला आणि शेवटी छोट्या चिप्स गोळा करताना.

२५ च्या चिप्स कमी दिल्या तर काय बिघडतं? प्रत्येक डावाला सुटे मागायला लागतात. "शंभर मोड की" म्हणून हात फिरतो, अर्धं मिनिट जातं, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. दोन तासांत या सुट्यांपायी पाच-सहा डाव हातचे जातात. ज्याच्यापुढे चिप्स कमी आहेत त्याला ते डाव परत मिळत नाहीत.

ज्या पेट्यांवर १, ५, २५, १००, ५०० असे आकडे छापलेत त्या टूर्नामेंटसाठी घेऊ नका. १ च्या चिप्स पहिल्या दिवसापासून मेलेल्या. आकडा नसलेल्या, कडेला फाशांची नक्षी असलेल्या चिप्स तर त्याहून वाईट. लाल म्हणजे पंचवीस की शंभर, यावर दर तासाला एक भांडण ठरलेलं.

आता पेटीतलं पत्रक. त्यावर हातांची क्रमवारी नीट छापली आहे आणि खाली ब्लाइंडचा तक्ता (आधी स्मॉल ब्लाइंड, मग त्याच्या दुप्पट बिग ब्लाइंड): २५/५०, ५०/१००, १००/२००, २००/४००, ४००/८००, प्रत्येक लेव्हल दहा मिनिटांची. संचातली सगळ्यात वाईट वस्तू हीच. अर्धा तास झाला की ब्लाइंड २००/४००. पाच हजारवाल्याकडे सुरुवातीला शंभर बिग ब्लाइंड होते, आता साडेबारा. आणखी दहा मिनिटांनी सहा. म्हणजे पहिल्या चहाच्या कपापर्यंत पोकर, नंतर नुसती सोडत. त्याच पत्रकात "सुरुवातीला जपून खेळा, शेवटी आक्रमक व्हा" असंही छापलंय. या तक्त्यात सुरुवात अशी काही उरतच नाही.

नऊ जणांसाठी या पेटीवर बसणारा तक्ता असा लावा: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१,२००, ८००/१,६००, १,०००/२,०००. वीस मिनिटांची लेव्हल. एकूण चिप्स ४५,०००. बिग ब्लाइंड २,००० झाला की सगळ्या टेबलावर मिळून बावीस-तेवीस बिग ब्लाइंड उरतात आणि डाव आपोआप आटोपतो. दहा लेव्हलचे तीन तास वीस मिनिटं. ७५/१५० संपताच २५ च्या चिप्स गोळा करा, चार देऊन शंभराची एक घ्या, उरलेल्या एक-दोन-तीनला सरळ शंभर देऊन टाका. मोठ्या स्पर्धांत उरलेल्या चिप्ससाठी पत्ते वाटून चुरस लावतात. घरी तेवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पंधरा मिनिटांची लेव्हल चालेल का, असं हमखास विचारलं जातं. डाव मोजा. आपापसात वाटून नऊ जण खेळत असतील तर तासाला वीस-बावीस डाव होतात, म्हणजे पंधरा मिनिटांत पाच-सहा. बटण टेबलाभोवती एकदाही पूर्ण फिरत नाही तोवर ब्लाइंड चढतात. आता जो "मोठा हात आला की बघतो" म्हणून बसलाय त्याचा हिशोब. हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्यांपैकी एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी किंवा एक्का-राजा अशा फक्त ३४ आहेत. एकोणचाळीस डावांत एकदा. तासाला वीस डाव धरले तर दोन तासांत एकदा. दहा लेव्हल पंधरा मिनिटांच्या केल्या तर अख्खी टूर्नामेंट अडीच तासांची. तो एकच मोठा हात येईल तेव्हा त्याच्यापुढे चिप्स कितीशा उरतील?

उपाय पेटीतच आहे: दोन कॅट. एक वाटला जात असताना दुसरा शेजारच्याने पिसून ठेवायचा. वीस मिनिटांची लेव्हल आणि दोन कॅट असले की एका लेव्हलमध्ये बटणाची फेरी पूर्ण होण्याची आशा धरता येते. पेटीतले पत्ते मात्र कागदी, वर प्लास्टिकचा नुसता मुलामा. आषाढात खानापूरकडच्या हवेत ते एका रात्रीत फुगतात, कडा उसवतात, आणि वाकलेला एक्का लांबून ओळखू येतो. अस्सल प्लास्टिकचे दोन कॅट वेगळे घ्या. चिप्सपेक्षा तो खर्च अधिक कामाचा.

आता मूळ प्रश्न. पुढ्यातल्या चिप्स हजारांत मोजायची सवय सोडायची आणि बिग ब्लाइंडमध्ये मोजायच्या. दुसरं माप एम: पुढ्यातल्या चिप्स भागिले एका फेरीचा खर्च, म्हणजे स्मॉल अधिक बिग ब्लाइंड. नाव पडलं पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमन आणि पोकर खेळाडूवरून. २००/४०० ला ४,००० असतील तर एम साडेसहा, म्हणजे हात न लावता साडेसहा फेऱ्या बसता येईल. चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत टूर्नामेंट खेळलात तर तिथे बिग ब्लाइंडवाला सगळ्यांच्या वतीने अँटी, म्हणजे प्रत्येक डावाची सक्तीची वर्गणीही भरतो असं दिसेल. मग फेरीचा खर्च ६०० चा हजार होतो आणि त्याच ४,००० चा एम चारवर येतो. घरच्या हिशोबाने तिथे खेळणारा म्हणूनच एक लेव्हल उशिरा जागा होतो.

पहिल्या दोन लेव्हल, पन्नास ते शंभर बिग ब्लाइंड असताना, सावध खेळणं स्वस्त पडतं. ब्लाइंड चोरून पंचाहत्तर चिप्स मिळतात, त्यासाठी पाच हजार कोण लावणार? इथे मिळकत असते ती छुप्या हातांची. छक्क्यांची जोडी घ्या. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, तिसरी छक्की पडायची शक्यता साडेआठात एकदा. तेव्हा भाव वाढवणाऱ्याने जेवढे लावलेत त्याच्या निदान पंधरा-वीसपट चिप्स दोघांपुढे असतील तरच कॉल, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून आत येणं. २५/५० ला कुणी १५० केले आणि दोघांकडे पाच हजार आहेत: तेहतीसपट, या. १००/२०० ला कुणी ५०० केले आणि तेच पाच हजार: दहापट, फेकून द्या. पत्ते तेच, माणूस तोच, निर्णय उलटा.

तीन पत्तीची सवय इथे फार नडते. "चाल घेऊन बघूया की" म्हणत पाच-पाच जण फ्लॉप बघायला येतात. एक्क्यांची जोडी एकाविरुद्ध शंभरात पंचाऐंशी वेळा जिंकते, पाच जणांविरुद्ध एकोणपन्नास. म्हणून चांगला हात आला की भाव नेहमीचा अडीच बिग ब्लाइंड न ठेवता चार करा आणि आधी नुसता कॉल केलेल्या प्रत्येकामागे आणखी एक घाला. ५०/१०० ला तिघे आत आले असतील तर सातशे. टेबल दचकतं, दचकू द्या. आणि अशा टेबलावर बनाव, म्हणजे ब्लफ, पहिल्या तासात करूच नका. जो पत्ते टाकतच नाही त्याला घाबरवायचं कसं? त्याच्याकडून चांगल्या हातावर तीन वेळा पैसे वसूल करायचे, बस्स. इथे आक्रमकता म्हणजे मोठी बेट, फसवी बेट नव्हे.

पंचवीस ते पंधरा बिग ब्लाइंडच्या मधला पट्टा सगळ्यात खोल, आणि पत्रकात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. चिप्स इतक्या कमी की फ्लॉप बघत फिरता येत नाही, इतक्या जास्त की सरसकट ऑल-इन, म्हणजे पुढ्यातलं सगळं लावणं, महाग पडतं. इथलं उत्तम हत्यार म्हणजे दुसऱ्याने भाव वाढवल्यावर सगळं पुढे सारणं. २००/४०० ला बटणावरचा माणूस ९०० करतो. तुम्ही बिग ब्लाइंडवर, एकूण ७,०००. सगळे सारले की त्याला आणखी ६,१०० घालून १४,२०० च्या पॉटसाठी, म्हणजे मधे जमलेल्या ढिगासाठी, खेळायचंय, म्हणजे शंभरात त्रेचाळीस वेळा जिंकायला हवं. बटणावरून तो ज्या पत्त्यांवर ९०० करत होता त्यातले बरेचसे त्याला टाकावे लागतात, आणि तुम्हाला पत्ते न दाखवता १,५०० मिळतात, त्यातले ४०० तुमचेच. अट दोनच: तो वरचेवर भाव वाढवणारा हवा, आणि पत्ते टाकू शकणारा हवा. "आता आलोयच तर" म्हणणाऱ्यावर हे चालवलंत तर तुम्ही त्याला फुकट डाव दिलात.

एक हात जवळून बघा. सहा जण उरलेत, २००/४००. तुम्ही बटणाच्या उजवीकडे, पुढ्यात ५,२००, म्हणजे तेरा बिग ब्लाइंड. हातात इस्पिकचा एक्का-नव्वी. तुमच्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले. बटणावर ९,००० वाले, जपून खेळणारे. स्मॉल ब्लाइंडवर ३,००० वाला, घायकुतीला आलेला. बिग ब्लाइंडवर ११,००० घेऊन बसलेले दाजी. बरेच जण इथे "थोडं करून बघू" म्हणून १,००० करतात. मग स्मॉल ब्लाइंडवाल्याने त्याचे तीन हजार सारले तर पॉटमध्ये ४,४००, तुम्हाला घालायचेत २,०००, लागतात एकतीस टक्के. एवढ्या भावाला एक्का-नव्वी टाकता येत नाहीत, म्हणजे तुम्ही आधीच अडकलात. दाजींनी तुम्हाला ऑल-इन लावलं तर ४,२०० घालून १०,६०० साठी, चाळीस टक्के लागतात. पण दाजी ज्या पत्त्यांवर असं करतात ते म्हणजे सत्त्यांच्या वरच्या जोड्या आणि एक्का-दश्शीच्या वरचे हात. त्यांच्याविरुद्ध तुम्ही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. टाकावे लागतात, आणि तेराचे साडेदहा बिग ब्लाइंड होतात. म्हणजे एका बाजूला सुटता येत नाही, दुसऱ्या बाजूला सुटलं की नुकसान. तेच ५,२०० एकदम सारले की निर्णय तिघांच्या डोक्यावर जातो. सगळ्यांनी टाकले तर ६०० मिळाले, पुढ्यातल्या चिप्समध्ये साडेअकरा टक्के भर. दाजींनी काहीही घेऊन कॉल केला तरी एक्का-नव्वी कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध साठ टक्क्यांच्या वर. सावधपणा म्हणून केलेली हजाराची बेट इथे सगळ्यात बेसावध.

दहा बिग ब्लाइंडच्या खाली विचार सोपा होतो, हिंमत अवघड. दोनच चाली: टाका किंवा सगळं सारा. बटणावरून, आधी सगळ्यांनी टाकलं असेल तर, कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दोन चित्रं, एकाच रंगातले दश्शी-नव्वीसारखे लागोपाठचे पत्ते, सगळं चालतं. टेबलाच्या सुरुवातीच्या जागेवरून, मागे आठ जण असताना, मधली जोडी किंवा एक्का-दश्शी आणि वरचं, एवढंच. चार बिग ब्लाइंडपर्यंत वाट बघणाऱ्याला कुणी घाबरत नाही. २००/४०० ला त्याने १,६०० सारले तर बिग ब्लाइंडवाल्याला १,२०० घालून ३,४०० च्या पॉटसाठी खेळायचंय, पस्तीस टक्के पुरे. दुर्री-सत्तीसुद्धा एक्का-राजाविरुद्ध तेहतीसच्या आसपास असते, त्यामुळे तो डोळे मिटून कॉल करतो. ऑल-इनची ताकद दुसऱ्याला पत्ते टाकायला लावण्यात आहे. आठ-दहा बिग ब्लाइंडला ती असते, चारला गेलेली असते.

चोरीचाही भाव ठरवून घ्या. ३००/६०० ला बटणावरून १,४०० केले तर ९०० साठी १,४०० लावले. दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी मिळून शंभरात एकसष्ट वेळा टाकलं तरच बरोबरी, म्हणजे एकेकाने अठ्ठ्याहत्तर वेळा. डाव्या हाताला दोन जपून खेळणारे बसलेत का हे बघून ठरतं. आपल्या घरगुती टेबलावर आणखी एक गंमत: भाचा मामांचा भाव उचलत नाही. मामांनी १,४०० केले की टेबल गप्प. मामांना हे कळलं असेल तर त्यांना पत्ते बघायची गरज नाही. भाच्यांनो, टेबलावर मामा म्हणजे एक पुढ्यातला ढीग, नमस्कार नंतर करा.

आता कुंदा. दोन किलो तीन बक्षिसांत वाटायचाय: एक किलो, सहाशे ग्रॅम, चारशे ग्रॅम. चार जण उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स. प्रत्येकाचा हिस्सा पाचशे ग्रॅम. एकाने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल करायचा का? हरलात तर शून्य. जिंकलात तर चिप्स दुप्पट. पण कुंदा दुप्पट होत नाही. तिघांत निम्म्या चिप्स तुमच्याकडे असताना पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसऱ्याची एक षष्ठांश. हिस्सा ५०० अधिक २०० अधिक ६७, म्हणजे ७६७ ग्रॅम. पाचशे पणाला लावून सातशे सदुसष्ट, तेव्हा शंभरात पासष्ट वेळा जिंकायला हवं. ब्लाइंडमध्ये आधीच पडलेल्या चिप्स धरल्या तर थोडं कमी. वेगवेगळ्या रंगांतले एक्का-राजा कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध पासष्टच्याच काठावर आहेत. म्हणजे समोरचा डोळे मिटून सारत असला तरी एक्का-राजावर कॉल जेमतेम बसतो, आणि तो निवडून सारत असेल तर नाही.

याची दुसरी बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॉल करणाऱ्याला पासष्ट टक्के लागतात, म्हणून आधी सारणाऱ्याला रान मोकळं. चौथ्या क्रमांकाच्या भीतीने तिघे आखडलेले असताना ज्याच्यापुढे चिप्स जास्त आहेत त्याने जवळजवळ प्रत्येक डावाला दाब ठेवावा, पण नेम मधल्यांवर. दोन बिग ब्लाइंडवाल्यावर दाब चालत नाही, तो कशालाही कॉल करणार. मधल्याने मात्र त्या दोन बिग ब्लाइंडवाल्याची वाट बघत बसावं आणि मोठ्या ढिगाच्या वाटेला जाऊ नये. सावध आणि आक्रमक एकाच मिनिटाला, एकाच टेबलावर, जागा आणि ढीग बघून. आणि सगळा कुंदा पहिल्यालाच द्यायचं ठरलं असेल तर हा सगळा हिशोब रद्द. पाचशेचा हिस्सा जिंकल्यावर बरोबर हजार होतो, पन्नास टक्के पुरे. म्हणून बक्षिसाची वाटणी पहिला पत्ता वाटायच्या आधी फळ्यावर लिहा. नंतर बदललीत तर ज्याने एक्का-राजा टाकले तो रात्रभर बोलेल, आणि त्याचं बरोबर असेल.

पुन्हा बसायची मुभा ठेवायची असेल तर पहिल्या तीन लेव्हलपुरतीच. ती असेपर्यंत बाहेर जाण्याची किंमत कमी, त्यामुळे लोक मोकळे खेळतात आणि तुमच्या चांगल्या हाताला गिऱ्हाईक मिळतं. चौथीपासून बंद.

वेळेसाठी फोनवरचं कुठलंही ब्लाइंड-घड्याळ चालतं, फक्त फोन टेबलाच्या मध्ये, पडदा सुरू ठेवून, चार्जरला लावून ठेवा. लाइट गेली आणि फोन झोपला की "लेव्हल संपली होती की नव्हती" यावर एका मोठ्या पॉटचा निकाल अडकतो. ज्या डावाचे पत्ते पिसायला घेतले तो जुन्या ब्लाइंडवर, हा नियम आधीच सांगून ठेवा.

पत्रकात आणखी एक चूक आहे. दोघेच उरल्यावर डीलर बटणवाला बिग ब्लाइंड भरतो असं छापलंय. ते उलट आहे. बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी पहिला बोलतो आणि नंतर प्रत्येक वेळी शेवटचा. या टप्प्याला पेटीतल्या चिप्सप्रमाणे दोघांत मिळून बावीस-पंचवीस बिग ब्लाइंड असतात, म्हणजे कमी चिप्सवाल्याकडे दहाच्या आतबाहेर. बटणावरून निम्म्याहून अधिक हातांवर सारणं इथे साधं गणित आहे, उद्धटपणा नाही.

एकूण संच पाचपैकी साडेतीन. चिप्स आणि वाटणी चांगली, पत्ते कामचलाऊ, पत्रक फाडून टाकण्याच्या लायकीचं. आवरताना रंगाप्रमाणे खाचा भरा आणि पेटी बंद करण्याआधी प्रत्येक खाच बोटाने चाचपा. पन्नास भरल्या की चिप्स हलत नाहीत. २५ ची खाच सैल लागली तर आधी गादीच्या सुरकुत्यांत बघा, मग चहाच्या ट्रेखाली.